पाणी कुणी आणून दिलं?

निवृत्त झाल्यापासून लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात, "एकूण किती मुलं दिलीत हो दत्तक?" जणू मी मतमोजणी केंद्रावर नोकरीला होते. मी सांगते, "मोजली नाहीत. पण कुठल्या घरात मला पाणी कुणी आणून दिलं, ते विचारा. ते सांगते." विचारणारा माझ्याकडे जरा काळजीने बघतो आणि विषय बदलतो. या अंकाच्या संपादकांनी मात्र विषय बदलला नाही. "तेच लिहा," म्हणाले, "फक्त वाचकांना रडवू नका." प्रयत्न करते.

मी आमच्या शहरातल्या एका बालगृहात समाजसेविका होते. दत्तकाच्या कामात दोन रांगा असतात. तान्ह्या बाळांसाठी आईबाप रांगेत उभे असतात, वर्षानुवर्षं. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी रांग उलटी. तिथं मुलं उभी असतात आणि पलीकडून कुणी येतंय का ते बघत असतात. माझ्या वाट्याला ही दुसरी रांग आली. मूल घरी पाठवण्याआधी त्या घरी जायचं, आणि पाठवल्यानंतरही जात राहायचं, याला आम्ही घरभेट म्हणायचो. मूल घरी गेलं म्हणजे दत्तक झालं असं नसतं. कोर्टाचा हुकूम यायला महिने लागत. तेवढ्या काळात आईबाप किंवा मूल, कुणीही 'नको' म्हणू शकत असे. मग मूल पुन्हा संस्थेत. कागदावर त्याला भारदस्त शब्द होता. आम्ही आपलं 'परत येणं' म्हणायचो, आणि तेही हळू आवाजात.

घरभेटीला गेले की चपला काढता काढताच मी म्हणायचे, "आधी पाणी द्या बरं." त्याला दोन कारणं होती. एक माझं आडनाव. ते ऐकलं की आमच्या घराण्यात पूजा सांगत असणार हे माणसं ओळखायची, आणि काही घरांत नवराबायको एकमेकांकडे बघायची. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाने मला दारात विचारलंय, "मॅडम, आमच्याकडचं पाणी चालतं ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यानंतर मी तो प्रश्न कुणाच्या तोंडून येऊच दिला नाही. आपणच पाणी मागायचं आणि पेला रिकामा करून खाली ठेवायचा.

दुसरं कारण धंद्याचं. पाणी मागितलं की घर हलतं. कोण उठतं, कोण कुणाला नुसत्या डोळ्यांनी उठवतं, मुलाला पेले कुठं असतात ते ठाऊक आहे का, की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घुटमळतं, हे सगळं तेवढ्यात दिसतं. प्रश्न विचारून तासभरात जे कळत नाही ते एका पेल्यात कळतं. माझ्या हाताखालच्या नव्या मुली हसायच्या. घरभेटीहून परतल्यावर मी कुणाला काही विचारण्याआधीच म्हणायच्या, "बाई, पाणी सासूने आणलं."

गिऱ्हाइकंही एकेक. एक निवृत्त साहेब आले होते. मोठं मूल का हवं, असं विचारलं तर म्हणाले, "रात्रीची रडारड झालेली असते, पाढे पाठ असतात, बरं पडतं." एका बाईंनी मुलीची जन्मवेळ मागितली, पत्रिका जुळवायची होती. मी म्हटलं, "मुलीलाही तुमची पत्रिका बघायला आवडेल." त्या पुन्हा आल्या नाहीत. आणि एका सात वर्षांच्या चिमुरडीने होणाऱ्या वडिलांना समोर बसवून विचारलं होतं, "तुम्ही घोरता का?" ते खरं बोलले. ती विचारात पडली, आणि मग म्हणाली, "चालंल."

पण सांगायची आहे ती अंजनाची गोष्ट. नावं अर्थातच बदलली आहेत. स्वभाव बदलता आले नाहीत.

अंजना वैजापूरकडच्या एका खेड्यातली. सांभाळणारी आजी गेल्यावर नात्यातलं कुणी पुढं आलं नाही आणि ती आमच्याकडे आली. नऊ वर्षांची, काटक, आवाज खणखणीत. ती दुष्काळाची वर्षं होती. आमच्या संस्थेतही टँकर यायचा, आणि टँकर आला की अंजनाचं राज्य सुरू व्हायचं. बादल्या ओळीने मांडायची, पाईप स्वतः धरायची. मोठी मुलं मध्ये घुसली तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. गावात शेंदायच्या विहिरीवर तिने तेच केलं होतं. आमच्या स्वयंपाकीण मावशी म्हणायच्या, "ही पोरगी हाय म्हणून भात शिजतोय."

तिच्याकडे आणखी एक काम होतं. संस्थेत पाहुणे येत. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, असं निमित्त काढून माणसं खाऊ घेऊन यायची. त्यांना खुर्च्या द्यायच्या आणि ट्रेमधून पाणी द्यायचं. तो ट्रे अंजनाच्या हातात असायचा. पाहुणे पाणी प्यायचे, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, गोड बोलायचे, आणि जायचे. हे तिने किती वेळा पाहिलं असेल, याचा मी तेव्हा कधी विचार केला नव्हता.

सुनीता आणि भास्कर बजाजनगरच्या पुढं राहायचे. भास्कर मूळचा फुलंब्रीकडचा, वाळूजच्या एका कंपनीत फिटर. सुनीता घरी ब्लाऊज शिवायची. कालपर्यंत ज्वारी होती तिथं आज प्लॉटिंग पडलं होतं. दोन खोल्यांची घरं भराभर उभी राहिली होती, पण नळ आला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा. पहिल्या घरभेटीत मी पाणी मागितलं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली मी बसले होते. सुनीता स्वतः उठली आणि अर्धा पेला पाणी घेऊन आली. त्या वर्षांत सगळीकडे अर्धाच पेला मिळायचा. देणाऱ्याला त्याची लाज वाटत नसे, आणि घेणाऱ्याने तळाशी घोट शिल्लक ठेवणं हा उद्धटपणा होता. मी पाणी संपवलं तेव्हा भास्करचे खांदे जरा सैल झाले.

त्यांना मोठंच मूल हवं होतं. भास्कर म्हणाला, "लहानपणी मला मामाने सांभाळलं. सातव्या वर्षी आलो त्यांच्याकडं. मोठ्या पोराला बी घर लागतं, मॅडम." मी प्रश्नांचा कागद मिटून झोळीत ठेवला.

अंजना त्यांच्याकडे गेली. पुढच्या भेटीला मी गेले तर ती खुर्चीवर बसलेली होती. नवा फ्रॉक, वेण्या घट्ट, पाय जुळवलेले. माझ्या संस्थेतली अंजना खुर्चीवर कधी बसलीच नव्हती. ती कट्ट्यावर, पायरीवर, उलट्या बादलीवर बसायची. मी पाणी मागितलं. सुनीता ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये दोन पेले होते. एक तिने मला दिला आणि दुसरा अंजनाला.

"घ्या ना, बाळा," सुनीता म्हणाली.

अंजनाने दोन्ही हातांनी पेला घेतला, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "थँक्यू."

मी सुनीताला आत बोलावून विचारलं, "ही काहीच करत नाही का घरात?"

"करूच देत नाही मी," सुनीता म्हणाली. "आली त्याच दिवशी समोरच्या शोभाकाकू म्हणाल्या, 'बरं झालं सुनीता, पाणी भरायला हात झाला.' मॅडम, मला ते लई लागलं. पोरगी आणली का मोलकरीण, असं उद्या अख्खी गल्ली म्हणंल. तिनं आयुष्यभर हंडेच वाहिले. आता माझ्या घरात ती पाण्याला हात लावणार नाय."

"निदान स्वतःचं ताट तरी उचलू दे."

"नको, मॅडम. तेवढं मला करू द्या."

त्या आवाजात इतकी वर्षं साठलेली माया होती. निघताना अंजना मला दारापर्यंत पोचवायला आली. दाराजवळच्या खिळ्याला तिची संस्थेतून आणलेली कापडी पिशवी टांगलेली होती. सुनीताने कपाटातला एक खण तिच्यासाठी रिकामा केला होता, पण कपडे पिशवीतच होते.

"बाई," तिने हळूच विचारलं, "माझी खिडकीजवळची जागा कुणाला दिली का?"

"का गं? इथं आवडत नाही?"

"आवडतं की. लई चांगले हायत दोघं." मग पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत म्हणाली, "नसंल दिली तर ठेवा."

हे सुनीताने ऐकलं. माझ्या मागेच उभी होती. तिचा चेहरा मी बघितला आणि बसस्टॉपपर्यंत चालताना तोच डोळ्यांपुढं राहिला.

त्यानंतर भास्कर एकटा मला भेटायला ऑफिसात आला. टोपी हातात घेऊन बसला होता. म्हणाला, "पोरगी गुणाची हाय. एक शब्द उलट नाय. जेवायला वाढलं तेवढंच खाती, मागत नाय. हसती, पण विचारून हसल्यासारखी. रोज दाराकडं बघती. मॅडम, आम्ही तिला आवडलो नाय. आता कोर्टाची तारीख जवळ आलीय. एकदा हुकूम झाला की बिचारी अडकंल आमच्याकडं. तिची इच्छा नसंल तर जबरदस्ती करायची का?"

या नोकरीत मी वाईट माणसं पाहिली, पण त्यांची भीती वाटली नाही. त्यांना नकार देता येतो. भीती वाटली ती अशा चांगुलपणाची. इकडे ही दोघं मुलीला दुखवायचं नाही म्हणून तिला परत पाठवायला निघाली होती, आणि तिकडे ती पोरगी त्यांच्यावर भार नको म्हणून जीव मुठीत धरून खुर्चीच्या कडेवर बसली होती. मी त्याला म्हटलं, "थोडं थांबा."

मग एका सकाळी सुनीताचा फोन आला. आधी नुसतं रडणंच ऐकू आलं. नंतर तुटक तुटक कळलं ते असं.

आदल्या दिवशी टँकर आला तेव्हा सुनीता तापाने अंथरुणात होती आणि भास्कर पहिल्या पाळीला गेला होता. टँकरचा भोंगा वाजला. अंजनाने खुर्ची सोडली, दोन हंडे उचलले आणि गल्लीच्या तोंडाशी धावली. तिथं शोभाकाकूंनी स्वतःच्या ड्रममध्ये पाईप सोडला होता. ड्रम भरत आला तरी पाईप काढेनात. अंजना म्हणाली, "नंबरानं घ्या." काकू म्हणाल्या, "तू गप गं, पाहुणी." त्यावर वैजापूरच्या विहिरीवरची अंजना जागी झाली. "टँकर काय तुझ्या बापाचा हाय का?" इथपासून सुरुवात झाली आणि पुढचं सुनीता मला फोनवर सांगेना. पाईपची ओढाताण झाली. ड्रम कलंडला. सगळं पाणी मातीत गेलं.

त्या वर्षांत पाणी सांडणं म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. अख्खी गल्ली बघत उभी राहिली. आरडाओरडा ऐकून सुनीता तापात उठून दारात आली. आणि जी बाई 'घ्या ना, बाळा' याच्यापुढं कधी गेली नव्हती, ती भर गल्लीत ओरडली, "अंजे! हो घरात आधी! लाज नाय वाटत? माणसं पाण्यावाचून मरायलीत आन् तू पाणी सांडती? हे शिकवलं का तुला मी?" मग म्हणाली, "घरातला आपला भरला हंडा उचल. काकूंना नेऊन दे. माफी माग. आपण राहू आज कोरडं."

अंजनाने हंडा डोक्यावर घेतला, काकूंच्या दारात नेऊन ठेवला, माफी मागितली आणि घरात गेली.

"सगळं संपलं, मॅडम," सुनीता फोनवर म्हणत होती. "एवढे दिवस जपलं आन् एका क्षणात घालवलं. तुम्ही या. तिला घेऊन जा. माझ्या तोंडाकडं आता ती बघायची नाय."

मी गेले. वाटेत मनाशी शब्द जुळवत होते. कुणासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं. घरात सुनीता भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले. भास्करने रजा टाकली होती. दाराजवळ एक नवी बॅग भरून ठेवली होती. अंजनाचे फ्रॉक, दप्तर, रिबिनी, सगळं घडी घालून त्याने स्वतः भरलं होतं. कोपऱ्यातून एका बाहुलीचे पाय बाहेर आले होते.

मी बसले. त्या दिवशी पाणी मागायचं मला सुचलं नाही.

मागच्या दाराशी भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला, आणि अंजना आली. फ्रॉक गुडघ्याशी खोचलेला, वेणी सुटलेली. हातात एकच पेला. ट्रे नाही. तिने तो माझ्यासमोर धरला.

"अर्धाच हाय," ती म्हणाली. "काल काकूंना दिलं ना आमचं."

मी पेला घेतला. घाईघाईने पाणी पिऊन टाकलं. अंजना तोवर सुनीताकडे वळली होती. "उद्या टँकरला तू येऊ नको. ताप हाय तुला. मी रांग धरते. भांडणार नाय."

आतापर्यंत ती सुनीताला तुम्ही म्हणायची.

मी म्हटलं, "अंजना, इकडे ये. तुला संस्थेत परत यायचं का? खरं सांग. कुणी रागावणार नाही."

"कशाला?"

"काल आई एवढी रागावली तुला. सगळ्यांसमोर."

"लई रागावली," ती म्हणाली. ते सांगताना ती चक्क ऐटीत उभी होती. "अख्ख्या गल्लीनं ऐकलं."

"म्हणून तर विचारते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी सगळी नोकरी फुकट गेल्यासारखी वाटली. "बाई, पाहुण्याला कुणी रागावतं व्हय? आपल्याकडं ते खाऊ घेऊन यायचे, त्यांना रागावलं का कुणी कवा? त्यांना नुसतं पाणी द्यायचं, गोड बोलायचं. मग ते जायचे." आणि मग एकदम तिचा आवाज बसला. "मला वाटायचं, मी बी जायची. रोज वाटायचं. रोज पाणी द्यायची ना ही मला."

सुनीताने पदर तोंडाला लावला. भास्कर उठला, दाराजवळच्या बॅगेपाशी गेला आणि तिथंच उभा राहिला, काय करावं ते न कळून.

अंजनाचं लक्ष तेव्हा बॅगेकडे गेलं. "हे कुणी भरलं?"

भास्कर म्हणाला, "मी."

"असं भरतात का? बाहुली चेंबली ना." तिने बॅग फरफटत कपाटापाशी नेली, खाली बसली, आणि रिकाम्या खणात एकेक कपडा ठेवायला लागली. थोड्या वेळाने खिळ्याची पिशवीही काढून आणली. सुनीता तापलेल्या अंगाने तिच्याशेजारी जाऊन बसली. पहिलीच घडी विस्कटली तशी म्हणाली, "नीट घाल गं, धसमुसळे." अंजना हसली, आणि या वेळी तिने कुणाला विचारलं नाही.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. समोरून शोभाकाकू आल्या आणि विचारलं, "नेताय का पोरीला?" मी म्हटलं, "नाही. यांचा कालचा हंडा परत द्यायचा असेल तर देऊन टाका." त्यांनी दिला, भरलेला. गल्लीतली माणसंही तशी वाईट नव्हती.

पुढं कोर्टाचा हुकूम झाला. न्यायाधीशांनी अंजनाला विचारलं, "यांच्याकडे राहायचं का तुला?" ती म्हणाली, "राहतेच की." त्यानंतर मोठ्या मुलांच्या आईबापांना मी पहिल्याच बैठकीत बजावून सांगू लागले की मुलाला काहीतरी काम द्या, आणि राग आला तर तो दाखवा. काही जण चमकायचे. सगळी घरं टिकली असं मात्र नाही. जी मुलं परत आली त्यांच्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. ती आता मोठी झाली आहेत, आणि वाचतात. त्यांची आठवण येते तेव्हा अजूनही घास उतरत नाही, एवढंच लिहिते.

मागच्या महिन्यात अंजनाचा फोन आला. ती आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "बाई, रिकाम्याच हायत ना तुम्ही? मग या जेवायला." मी गेले. प्लॉटिंगची आता भरगच्च वस्ती झाली आहे, घरांवर मजले चढलेत. नळ आला आहे, पण पाणी येतं ते आपल्या मर्जीने. घर शोधायला तीनदा विचारावं लागलं. खांद्याला झोळी नव्हती, हातात कुणाची फाईल नव्हती. नोकरी संपल्यावर पहिल्यांदाच कुणाच्या दारात उभी होते, आणि आपण इथं कोण म्हणून आलो, हा प्रश्न मनात होता.

सुनीता मशीनवर ब्लाऊजला हातोपा लावत होती, तिने तिथूनच "या" म्हटलं आणि शोभाकाकूंच्या नातीच्या लग्नाचं सांगायला लागली. भास्करने पेपरातून मान वर केली, हसला, आणि पेपरातलंच काहीतरी वाचून दाखवायला लागला. अंजना आत फोडणी घालत होती. मी बसून राहिले. उन्हातून आले होते, घशाला कोरड पडली होती. जुन्या सवयीने दाराकडे, आतल्या उंबऱ्याकडे बघत होते. कुणीच उठेना. मागावं म्हटलं, तर तोंडून शब्द फुटेना. ते मागणं नोकरीचं होतं, ती तर संपली होती.

शेवटी अंजना पळी हातात घेऊन बाहेर डोकावली. माझ्याकडे बघितलं.

"तहान लागली व्हय, बाई?"

"हो गं."

"मग बसलात कशाला? माठ तिथं हाय, खिडकीखाली. घ्या की आपलं."

आणि ती फोडणी करपेल म्हणून आत पळाली.

मी उठले. माठावर पेला पालथा घातलेला होता. पूर्ण भरून घेतला आणि तिथंच उभी राहून प्यायले. डोळे भरून आले होते, पण माझी पाठ सगळ्यांकडे होती. पेला विसळला, होता तसा पालथा घातला. आयुष्यभर इतक्या घरांत गेले, आणि हे पहिलं घर, जिथं मला पाणी कुणी आणून दिलं नाही.